उसाचा बोर्ड फ्रँकफर्टच्या भिंतीवर: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

समजा, उसाच्या चिपाडांचा, म्हणजे कारखान्याच्या भाषेत बगॅसचा, घर उबदार ठेवणारा बोर्ड तुम्ही तयार केलात. कोल्हापुरात चार जाणत्यांनी तो ठोकून पाहिला, ‘एक नंबर’ म्हणाले, आणि तुम्ही नमुना बॅगेत घालून फ्रँकफर्टला उतरलात.

पहिली पायरी : बोर्ड बॅगेतच राहू द्या. ‘डाक्स’ या अधिस्वीकृती संस्थेचं कार्यालय इथे आहे खरं, पण ती बोर्डाला हातही लावणार नाही. बोर्ड तपासणाऱ्या प्रयोगशाळा नीट तपासतात की नाही, एवढंच ती तपासते. युरोपीय कायद्यानुसार देशागणिक अशी एकच संस्था असते. जर्मनीत 2010 पासून ही. तेव्हा ‘दुसरीकडे ओळख आहे’ हा आपला हुकमी एक्का इथे चालत नाही.

दुसरी पायरी : मान्यताप्राप्त प्रयोगशाळा गाठा आणि बोर्ड जाळायला द्या. दीड मीटर उंचीचा कोपरा उभारून त्यात 30 किलोवॅटचा बर्नर सुमारे वीस मिनिटं पेटता ठेवतात. धूर किती, उष्णता किती, जळते थेंब गळतात का, सगळं मोजतात. निकाल ए1 ते एफ. ए1ची आशा सोडा, चिपाड शेवटी चिपाडच.

हा छळवाद उगीच नाही. मे 2012मध्ये याच शहरात, आडिकेसआले रस्त्यावर, बांधकाम चालू असलेल्या इमारतीवरचं थर्माकोलचं आवरण भराभर पेटलं. त्यानंतर इथल्या अग्निशमन दलाने देशभरातल्या अशा आगींची यादीच करायला घेतली. पुढे 2016पासून थर्माकोलच्या आवरणात न जळणाऱ्या आडव्या पट्ट्या घालण्याचे नियम कडक झाले.

तिसरी पायरी : तुमच्या बोर्डासाठी युरोपीय मानक नसेल, तर फाइल बर्लिनच्या ‘डीआयबीटी’ या बांधकाम-मान्यता देणाऱ्या संस्थेकडे. परवाना साधारण पाच वर्षांचा. फारच घाई असेल, तर फ्रँकफर्ट ज्या राज्यात आहे त्या हेसनच्या मंत्रालयाकडून, वीसबाडेनहून, एकाच इमारतीपुरती संमती मागता येते. शेजारच्या इमारतीला बोर्ड आवडला, तर पुन्हा अर्ज.

परवाना हातात पडला की पेढे वाटा, पण चिपाडं चिकटवणारा डिंक बदलू नका. मान्यता ठरल्या कृतीला मिळालेली असते. ‘स्वस्तात मिळाला’ म्हणून दुसरा डिंक घेतलात, की झाला नवा बोर्ड; चला परत बर्नरपाशी.