ऑल्दोमागं बट येतोच

इंग्रजीत 'बिकॉज' एकटाच राहतो, याची परभणी जिल्ह्यातल्या आमच्या पाथरीत फार कणव येते. तसं कुणी बोलून दाखवत नाही, पण माझ्या दुकानात इंग्रजी अर्ज टाइप करून घ्यायला आलेला माणूस ती कणव सोबत घेऊनच येतो. दुकान झेरॉक्स आणि टायपिंगचं. शेजारी चहाची टपरी असल्यामुळे अर्जाचा मजकूर ठरवायला माणसं कधी कमी पडत नाहीत. अर्जदार एक असतो, सांगणारे पाच आणि इंग्रजी येणारा कुणीच नसतो. मी धरून.

भांडण नेहमी एकाच जागी होतं. मराठी वाक्य ही मुळात बैलजोडी आहे. 'जर' काढला की 'तर' जुंपावाच लागतो. जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत, जो-तो, सगळा कारभार जोडीचा. एका बैलावर नांगर हाकायला आमच्या काळ्या रानात कुणी धजत नाही, आणि वाक्यातही नाही. इंग्रजीचा कायदा मात्र सांगतो की 'ऑल्दो' घेतलात तर 'बट' विसरा, 'बिकॉज' घेतलात तर 'सो' घरी ठेवा. मी हा कायदा टपरीवर एकदा समजावून सांगितला. एक अप्पा शांतपणे म्हणाले, "म्हंजी 'पाऊस आला तरी मी आलो' यातलं 'तरी' काढायचं? मंग मी आलो कशाला?"

यात एकट्या मराठीचा दोष नाही. पाथरी पूर्वी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होती आणि तिथं मोठ्या शाळेचं शिक्षण उर्दूतून व्हायचं. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ 1918 साली निघालं तेच मुळी उर्दू माध्यमाचं. म्हणजे आमच्या आजोबांची पिढी घरी 'जरी-तरी' म्हणायची आणि शाळेत 'अगरचे-लेकिन' घोकायची. घरी 'कारण-म्हणून', शाळेत 'चूंकि-इसलिए'. उर्दूचंही सगळं जोडीनंच. सप्टेंबर 1948 मध्ये निजामाची राजवट गेली, पण 'लेकिन' गेला नाही. तो वेषांतर करून 'बट' झाला आणि माझ्या दुकानात येऊन बसला.

आणि खुद्द इंग्रज तरी कुठं धुतल्या तांदळाचे होते? 1611 साली छापलेलं त्यांचं बायबल उघडा. त्यात 'दो'च्या मागून 'येट' बिनदिक्कत येतो, म्हणजे 'जरी'च्या मागून 'तरी'. त्याहून जुन्या, हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तर 'जेव्हा' आणि 'तेव्हा' या दोघांना मिळून एकच शब्द होता आणि तो वाक्यात दोनदा यायचा. तेव्हा आमचे अप्पा चुकीचं इंग्रजी बोलतात असं मी मानत नाही. ते जुनं इंग्रजी बोलतात.

'जो-तो'ची गोष्ट जरा लांबची आहे. "जो मुलगा काल आला, तो माझा भाचा" हे आमचं वाक्य. त्याचं टपरीवरचं इंग्रजी होतं, "व्हिच बॉय केम यस्टरडे, ही इज माय नेफ्यू." इंग्रजीत आधी मुलगा, मग 'हू', आणि 'तो'ला सुट्टी. शिवाय तिथं माणसाला 'हू' आणि वस्तूला नि जनावराला 'व्हिच', असा पंक्तिभेद. आपला 'जो' पाटलालाही चालतो आणि पाटलाच्या बैलालाही.

हा पंक्तिभेद एकदा फार महागात पडणार होता. एक शेतकरी म्हशीच्या विम्याचा अर्ज घेऊन आले. कंपनीच्या वरच्या ऑफिसाला इंग्रजीतूनच पाहिजे होता. मी टाइप केलं, 'द बफेलो व्हिच डाइड.' त्यांच्या पोरानं वाचून अर्थ सांगितला आणि वर माहितीही पुरवली की 'व्हिच' हे टेबल-खुर्चीला लावतात. शेतकऱ्याचा चेहरा उतरला. म्हणाले, "चंद्री टेबल होती का? बारा लिटर दूध द्यायची. माझी हाक वळखायची." टपरी गप्प झाली. मी इंग्रजी संपादकांचे नियम आठवून पाहिले. अमेरिकेतल्या पत्रकारांची जी नियमावली आहे, तिच्यात सवलत आहे: जनावराला नाव असेल तर त्याला 'हू' चालतो. चंद्रीला नाव होतं. तिच्या कानात बिल्लाही होता. मी 'व्हिच' खोडून 'हू' टाकला. मग त्यांनी विचारलं, "आता माणसासारखं झालं का?" झालं म्हटलं. पैसे न विचारता देऊन गेले. विमा मिळाला की नाही ते मला कळलं नाही, पण चंद्री सन्मानानं गेली.

खरं तर या 'जो-तो'वरून पाथरीत लढाया झाल्यात. अहमदनगरची निजामशाही ज्यानं उभी केली त्या अहमदचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घरातला, असं इतिहासकार फरिश्ता लिहून ठेवतो. पुढं नातू बुऱ्हाण निजामशाह गादीवर आला आणि त्याच्या दरबाराला आठवण झाली की ज्या गावचे आपण, ते गाव तर वऱ्हाडच्या इमादशहाकडं आहे. मग त्यानं रीतसर पत्र लिहिलं: पाथरी आम्हाला द्या, बदल्यात जास्त उत्पन्नाचा मुलूख घ्या. म्हणजे पाथरीबाबतचा हा एक जुना अर्जच. नामंजूर झाला. 1518 साली निजामशाही फौज आली आणि तिनं गाव घेतलं. त्या पत्रात 'जो' होता आणि 'तो' नव्हता की काय, ते पाहायला हवं होतं.

'अनटिल'चं दुखणं वेगळं. आपण म्हणतो, "जोपर्यंत फी भरत नाही, तोपर्यंत हॉल तिकीट मिळणार नाही." दोन्हीकडं नकार; आणि दोन्हीकडं असल्याशिवाय आपल्याला धाक वाटत नाही. गावातल्या एका क्लासनं हीच नोटीस इंग्रजीत लावली: 'अनटिल फीज आर नॉट पेड, हॉल तिकीट विल नॉट बी गिव्हन.' एका आगाऊ पोरानं तिचा शब्दशः अर्थ लावला. इंग्रजी 'अनटिल'च्या पोटातच 'नाही' बसलेला असतो, त्यामुळे वर आणखी 'नॉट' घातला की अर्थ उलटा फिरतो: फी न भरण्याची अवस्था येईपर्यंतच तिकीट अडवून ठेवणार. "सर, माझी ती अवस्था जूनपासूनच आलेली आहे," असं म्हणून त्यानं हात पुढं केला. सरांनी हातावर काय दिलं ते सांगत नाही. पण ते हॉल तिकीट नव्हतं. 'अनलेस'चंही तेच. त्याच्याही पोटात नकार असतो, आणि आम्ही बाहेरून आणखी एक खिळा ठोकतो.

प्रश्नार्थक शब्दांत मात्र आम्ही श्रीमंत. इंग्रजांकडं कारण विचारायला एक 'व्हाय'. आमच्याकडं कामून, काहून, कशापायी, कशाला, आणि गल्ली बदलली की कायकू. प्रत्येकाचा राग वेगळा. 'कशापायी'त काळजी आहे, 'कामून'मध्ये चौकशी आहे आणि 'कशाला' विचारलं की समजावं, काम होणार नाही. हे सगळे मी 'व्हाय'मध्ये कोंबतो तेव्हा अर्ज फार थंड वाटायला लागतो.

इंग्रजांची आणखी एक खोड म्हणजे प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की त्याची उलथापालथ करायची. 'व्हेअर इज ही?' बरोबर, पण 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' चूक. तिथं 'व्हेअर ही इज'. आपला 'तो कुठाय?' पोटात गेला तरी 'तो कुठाय, मला माहीत नाही' असा धड बाहेर येतो. पाथरीला 'कुठं' या शब्दाचं महत्त्व सांगायला नकोच. साईबाबांचा जन्म कुठं झाला, या एका प्रश्नावर जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्र ढवळून निघाला. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीला जन्मस्थान म्हणून शंभर कोटींचा विकास जाहीर केला आणि शिर्डीनं बंद पुकारला. त्या दिवसांत टपरीवर आलेल्या एका बाहेरगावच्या पत्रकारानं मला इंग्रजीत विचारलं, "डू यू नो व्हेअर वॉज बाबा बॉर्न?" मी वाक्य दुरुस्त करणार, तेवढ्यात टपरीवाल्यानं थेट उत्तर देऊन टाकलं. व्याकरण तिथंच राहिलं.

2000 सालापासून मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्या पिढीच्या पोरी आता माझ्या शेजारी उभ्या राहून माझ्याच चुका काढतात. गेल्या हंगामात अशीच एक कॉलेजची पोरगी आजीला घेऊन आली. पुण्याच्या हॉस्टेलला फी उशिरा भरण्याचा अर्ज पाहिजे होता. आजीनं मजकूर सांगितला: कापूस अजून विकला नाही, म्हणून पैसे आले नाहीत. मी सवयीनं 'बिकॉज' टाकला, 'सो' टाकला. पोरीनं पडद्यावर बोट ठेवलं. "काका, 'सो' काढा. दोन्ही चालत नाहीत." मी काढला. मग तिनं आजीला अर्ज मराठीत वाचून दाखवला, अगदी इंग्रजीबरहुकूम: "कारण कापूस विकला नाही, पैसे आले नाहीत."

आजी पुढं झुकली. "मधलं 'म्हनून' कुठं गेलं?"

"आजी, इंग्रजीत लागत नाही ते."

"म्हंजी पैसे असेच आले न्हाईत? फुकटचेच?"

"तसं नाही गं, 'कारण'मध्येच आलं सगळं."

आजीनं पदर सावरला आणि माझ्याकडं पाहिलं. "अर्ज वाचनारा सायेब मराठी हाय का इंग्रज?"

"मराठीच असेल, माय. पुण्याचा."

"मंग 'सो' टाक."