पाक बघायची वेळ

लांबलेल्या, हाती काही न लागणाऱ्या बोलण्याला आपण ‘चर्चेचं गुऱ्हाळ’ म्हणतो. मला हा शब्दप्रयोग पटत नाही. करवीर-पन्हाळ्याच्या गुऱ्हाळावर कोणी वेळ घालवत नाही. काहिलीत रस उकळत असतो, वरची मळी निघत असते, आणि गुळव्या पाकाचे दोन थेंब पाण्यात सोडून गोळी वळते का ते बोटांनी बघतो. त्या घडीला तो बोलेल ते सगळे ऐकतात. जाळ कमी म्हटलं की कमी, उतरवा म्हटलं की उतरवा. पाक वाफ्यात ओतला की मग कुणाच्याही सांगण्याचा उपयोग नाही. ढेप बिघडली ती बिघडली.

पीएच.डी. करणाऱ्या आपल्या मुलामुलींना गुळव्या भेटतो तो ढेप झाल्यावर.

गेल्या महिन्यात जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात संशोधक विद्यार्थ्यांच्या सादरीकरणाला मागच्या बाकावर बसलो होतो. विषय माहिती प्रणालीचा, म्हणजे संगणक, मोबाइल आणि माणसं एकत्र काम करतात तेव्हा नेमकं काय घडतं याचा. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी उभी राहिली. ऊस उत्पादक शेतकरी साखर कारखान्याचं मोबाइल ॲप का वापरतात, का वापरत नाहीत, हा तिचा प्रश्न. समोर तीन ज्येष्ठ प्राध्यापक. पंधरा मिनिटांत तिनं सगळं मांडलं. मग सूचना आल्या. शीर्षकात ‘कोल्हापूर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात’ घाला. संदर्भसूची एकाच पद्धतीनं लावा. आणि नमुना कमी पडतोय, तीनशे चौऱ्याऐंशी घ्या.

हा ३८४ चा आकडा आपल्या वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या प्रबंधांत इतका भेटतो की त्याचा उगम सांगायलाच हवा. १९७० साली क्रेजसी आणि मॉर्गन यांनी एक तक्ता छापला. दहा लाखांच्या लोकसंख्येतून काही टक्केवारी अजमावायची तर किती माणसं विचारावीत, याचं त्यातलं उत्तर ३८४. पण त्याला अट आहे. ती माणसं यादृच्छिक निवडलेली हवीत, प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी हवी. आपल्याकडे गूगल फॉर्म व्हॉट्सॲपच्या चार ग्रुपांवर टाकतात, ओळखीच्या मास्तरांना, चुलत्यांना, मेव्हण्यांना भरायला लावतात आणि आकडा ३८४ वर नेतात. असे तीन हजार फॉर्म भरले तरी त्यातून जिल्हा कळणार नाही. ही गोष्ट समितीतल्या तिघांनाही ठाऊक असणार. मग बोलले का नाहीत?

तिचा आराखडाही उभा होता तो सगळे वापरतात त्याच प्रारूपावर. वस्तू उपयोगी वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का, या दोन गोष्टींवरून माणूस तंत्रज्ञान स्वीकारेल की नाही ते सांगायचं. फ्रेड डेव्हिस यांनी ते १९८६ साली एमआयटीत पीएच.डी.साठीच मांडलं, म्हणजे तेही एका विद्यार्थ्याचंच काम. १९८९ च्या त्यांच्या गाजलेल्या निबंधात १५२ वापरकर्ते होते, टोरंटोच्या आयबीएममधले कर्मचारी आणि बोस्टनचे एमबीएचे विद्यार्थी. त्या माणसांना संगणकाचा एखादा प्रोग्रॅम वापरायचा की नाही हे ठरवायची मोकळीक होती. आपल्या शेतकऱ्याला ती कुठं आहे? ऊस वाळायला लागलाय, टोळी दुसऱ्याच्या रानात आहे, तोडीची चिठ्ठी कधी येईल ते कळत नाही. तिथं ॲप ‘सोपं वाटतं’ की ‘फार सोपं वाटतं’ या प्रश्नाचं तो काय उत्तर देणार!

चहाच्या वेळी ती मुलगी माझ्याशी बोलली. तिच्या घरचा ऊस आहे. म्हणाली, “काका, खरं सांगू? ॲप आमचे आप्पा बघतच नाहीत. नोंदीचं, चिठ्ठीचं सगळं चिटबॉयला विचारतात. तोच त्याच्या मोबाइलवर बघून सांगतो.”

तिचा प्रबंध इथं होता, त्या एका वाक्यात. शेतकरी आणि यंत्र यांच्या मध्ये चिटबॉय, म्हणजे उसाच्या नोंदी आणि चिठ्ठ्या बघणारा कारखान्याचा माणूस, उभा आहे, आणि माहिती त्याच्या हातात राहते. तीन वर्षं ती हे जाणून होती. तिला कुणी विचारलंच नाही, आणि न विचारता सांगायचं धाडस तिला झालं नाही.

याच जिल्ह्यात वारणानगर आहे. १९९८ साली वारणेच्या खोऱ्यातली सत्तर गावं संगणकानं जोडायचा प्रकल्प तिथं सुरू झाला. केंद्र, राज्य आणि वारणेच्या सहकारी संस्था एकत्र आल्या, आणि भारतातल्या ग्रामीण संगणकीकरणाच्या चर्चेत वारणेचं नाव जगभर गेलं. पुढं बंगळुराहून मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाची माणसं आली. गावातल्या केंद्रांत संगणक प्रत्यक्षात कशाला वापरतात, ते त्यांनी आधी बसून पाहिलं. वापर मुख्यतः उसाच्या हिशेबाचा होता. मग सात गावांत आठ महिने त्यांनी तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवलं. ते स्वस्त पडलं, आणि शेतकऱ्यांना जास्त आवडलंही. या कामावरचा त्यांचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्नावलीचा थाट नाही. ‘इथं खरंच काय चाललंय?’ एवढं विचारायची हिंमत आहे. ही हिंमत आपल्या मुलांत नाही असं मी मुळीच मानत नाही. आपणच ती सादरीकरणाच्या खोलीबाहेर ठेवायला लावतो.

नियमांना दोष देता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार विद्यार्थ्यानं दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढं यायचं असतं. प्रबंध देण्यापूर्वीचं शेवटचं सादरीकरण तर सगळ्या प्राध्यापकांना आणि इतर विद्यार्थ्यांना खुलं असतं. दार उघडतं, पण पाक ओतून झाल्यावर. पहिल्याच वर्षी ते उघडायला नियमाची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती आपल्या संकोचाची. विद्यार्थ्याला कठीण प्रश्न विचारला की गाईडला तो स्वतःचा अपमान वाटतो. पुढच्या खेपेला तेच गाईड आपल्या विद्यार्थ्यासमोर बसणार असतात, म्हणून आपणही समास आणि शीर्षकावर भागवतो. या भिडेची किंमत मुलांच्या आयुष्यातली चार-पाच वर्षं आहे. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

माहिती प्रणालीच्या जागतिक परिषदेत १९८० पासून डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी बैठक भरते. प्रश्न ठरला आहे पण काम अजून वळवता येईल, अशा टप्प्यावरची मुलं तिथं निवडतात. दुसऱ्या विद्यापीठांतले ज्येष्ठ त्यांच्यासोबत लहान गटांत बसतात आणि कच्च्या कामाची चिरफाड करतात. विद्यार्थ्याच्या पदवीत त्यांचं काही अडकलेलं नसतं, म्हणून ते मोकळं बोलू शकतात. डिसेंबर २०२३ मध्ये ही परिषद हैदराबादला झाली, कोल्हापूरहून एका रात्रीच्या प्रवासावर.

असं कोल्हापुरात करायला काय लागतं? एक खोली आणि दोन तास. पहिल्या वर्षाच्या मुलानं तीन पानं आणायची, त्यात माझा प्रश्न काय, मी डोळ्यांनी काय पाहिलं, आणि मी कुठं अडलोय एवढंच. गाईडनं गप्प बसायचं. सांगली-सोलापूरहून एक ज्येष्ठ बोलवायचे, आणि ज्या कारखान्याचा, बँकेचा, दूध संघाचा अभ्यास आहे तिथला रोज ते यंत्र हाताळणारा एक माणूस. शाल नको, श्रीफळ नको, प्रास्ताविक आणि आभार तर नकोतच.

त्या मुलीचा परवा फोन आला होता. कारखान्याच्या गट ऑफिसात ती चार दिवस चिटबॉयच्या शेजारी बसून आली. एका दिवसात किती शेतकरी येतात, काय विचारतात, तो मोबाइलमध्ये बघून किती सांगतो आणि किती सांगत नाही, हे सगळं तिनं वहीत उतरवलंय. वही कुणाला दाखवू, असं विचारत होती. मी दोन नावं सांगितली. दोघंही तिच्या समितीतले नाहीत.