स्थळ चांगलं आहे, पण याद्या वाचा

अमेरिकेत इंग्रजी साहित्यात पीएच.डी. करायची म्हणजे डिसेंबरात अर्ज धाडायचे आणि फेब्रुवारीपासून इनबॉक्सकडे डोळे लावून बसायचं. प्रत्येक अर्जाला वेगळी फी. म्हणजे नकारसुद्धा विकतच घ्यायचा. जीआरईतली इंग्रजी साहित्याची विषय-परीक्षा 2021 मध्ये बंद झाली, तेवढाच एक खर्च वाचला.

होकार आला की खरी बोलणी सुरू. ट्यूशन माफ, वर स्टायपेंड! घरात पेढे. पण याद्या नीट वाचा, मंडळी. स्टायपेंड पुष्कळदा नऊच महिन्यांचा असतो. उन्हाळ्यात विद्वानाला भूक लागत नाही, अशी विद्यापीठाची समजूत. ट्यूशन माफ झाली तरी ‘फीज’ नावाचा मानपान बऱ्याच ठिकाणी वेगळा मोजावा लागतो. आणि मिल्टनवर प्रबंध लिहायला निघालेल्या माणसानं आधी पहिल्या वर्षाच्या पोरांना परिच्छेद कुठे पाडायचा ते शिकवायचं. त्याला म्हणे फेलोशिप नव्हे, ‘असिस्टंटशिप’ म्हणतात. मोठ्या शहरातलं स्थळ चार पैसे जास्त देतं खरं, पण ते घरमालक परस्पर उचलतो. (नुसत्या एम.ए.चं विचारूच नका. तिथे बहुधा हुंडा आपणच द्यायचा.)

बहुतेक विद्यापीठांना होकार-नकार 15 एप्रिलपर्यंत कळवायचा असतो. अमेरिकेत आयकराचं विवरणपत्र भरायची मुदतही सहसा तीच. स्टायपेंडवरही कर लागतो.