नव्या सरांसाठी: पांढुर्णा-सौंसरात इतिहास आणि नागरिकशास्त्र कसे शिकवावे

रुजू झाल्यावर आधी वर्गातला नकाशा बघा. बहुधा तो जुना असतो आणि त्यात पांढुर्णा अजून छिंदवाडा जिल्ह्यातच असतो. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली मिळून २०२३ च्या ऑक्टोबरात नवा जिल्हा झाला, ही बातमी भिंतीपर्यंत पोचायला वेळ लागतो. हद्द आखायचं काम पोरांवर सोपवू नका. शेजारच्या गावाला ती हमखास जिल्ह्याबाहेर काढतात.

मग हजेरी. मध्यप्रदेशच्या सरकारी शाळांत हजेरीला ‘जय हिंद’ म्हणायचा आदेश २०१८ साली निघाला, त्यामुळे राष्ट्रप्रेमाचा भाग दोन मिनिटांत उरकतो. पुस्तक हिंदीत, फळा हिंदीत, मधली सुट्टी मराठीत. अडचणीचे प्रश्नही मराठीतच येतात. उत्तर हिंदीतून दिलंत की सरांना येत नाही, असा पोरांचा पक्का समज होतो.

सगळ्यात जोखमीचा धडा राज्य पुनर्रचनेचा. पुस्तकात तो साधा आहे. राज्य पुनर्रचना आयोगाचे फजल अली, कुंझरू, पणिक्कर ही तीन नावं लिहून द्यावीत आणि पुढं सरकावं. रेंगाळलात तर मागच्या बाकावरून हात वर येतो: “सर, भाषेवर राज्य झाले ना? मंग आपण इकडं कसे रायलो?”

अशा वेळी खडू शोधायला वाकू नका. सरळ सांगा. १९५६ पर्यंत मध्यप्रदेशची राजधानी नागपूरच होती. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल तिथंच बसत. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि मध्यप्रदेशचं बिऱ्हाड भोपाळला हललं. आयोगानं हिशेब साधारणपणे जिल्ह्याचा धरला, गावाचा नाही. छिंदवाडा जिल्हा अख्खा मध्यप्रदेशातच राहिला, त्याच्यासोबत त्याची मराठी बोलणारी दक्षिण बाजूही. नागपूर शेजारी राहिलं, राजधानी तेवढी लांब गेली.

यावर दुसरा प्रश्न येतो: “आमाले इचारलं होतं काय कोणी?” आता कलम ३ उघडा. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार संसदेचा. राष्ट्रपती त्यासाठीचं विधेयक संबंधित विधानसभेकडे मत मागवायला पाठवतात; मात्र ते मत मानलंच पाहिजे असं नाही. एखादी मुलगी पटकन बोलून जाते, “म्हंजे लग्नाच्या टायमाले पोरीले इचारतात तसं.” हे पेपरात लिहू नको, एवढंच तिला सांगा. संघराज्याच्या धड्याचे मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी द्या.

१ नोव्हेंबर १९५६ लाच अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३५०क आणलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, यासाठी राज्यानं पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा. हे कलम शुक्रवारी शेवटच्या तासाला घ्या. इतर वेळी घेतलंत तर “सोय दाखवा” म्हणतात.

स्वातंत्र्यलढा दिल्ली-मुंबईत झाला अशी समजूत असते, ती मोडायला फार कष्ट नाहीत. पहिल्या महायुद्धात अली बंधूंना छिंदवाड्यात नजरकैदेत ठेवलं होतं. गांधीजी तिथं १९२१ च्या जानेवारीत आले. आदिवासी स्वातंत्र्यसैनिक बादल भोईंचं नाव पोरांना संग्रहालयाच्या पाटीवरून ठाऊक असतं, माणूस ठाऊक नसतो. आणि नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह देवगडचा गोंड राजा होता, हे सांगितल्यावर “म्हंजे नागपूर आपलंच” असा ठराव वर्ग एकमतानं करतो. करू द्या. कलम ३ प्रमाणे त्यालाही कोणी विचारणार नाही.

मूलभूत कर्तव्यं, म्हणजे १९७६ साली आलेलं कलम ५१क, पोळ्याच्या आठवड्यात काढू नयेत. हिंसाचार टाळावा असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवलं जातं, त्यावर झेंडा चढतो, एका काठावरून पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावरून सावरगाव एकमेकांवर गोटे चालवतं. प्रशासन जमावबंदी लावतं आणि जमाव जमणार म्हणून डॉक्टर-ॲम्ब्युलन्सही तयार ठेवतं. गोट्यांऐवजी रबरी चेंडूही देऊन झाले. कायदा आणि अंमलबजावणी हा धडा पुस्तकातून वेगळा शिकवायची गरज उरत नाही.

इतिहासाच्या तासाला मात्र ही गोटमार कामी येते. एक म्हणतो, पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवली, तिथून सुरू झालं. दुसरा म्हणतो, भोसल्यांचे सैनिक गोटे मारायचा सराव करायचे. तुम्ही विचारा: पुरावा काय? थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग एक जण उठतो: “सर, माह्या आबाच्या कपायावर खूण आहे.” प्राथमिक साधन म्हणून तिची नोंद घ्या, जमल्यास घरी जाऊन खूण बघूनही या. फक्त आपण नदीच्या कोणत्या काठाला खोली केली आहे, ते आबांना आधी सांगू नका.