नवा माळकरी

जुना माळकरी एकादशी गुपचूप धरतो, नवा गल्लीला कळवून धरतो. आमच्या पंढरपुरात अलीकडे एक तिसरा प्रकार निघालाय. याच्या गळ्यात तुळशीऐवजी निळी पट्टी आणि तिला लोंबणारं पुण्याच्या कंपनीचं ओळखपत्र. आषाढीला घरी आला तरी ती उतरत नाही.

हा मूळचा मेकॅनिकल. गोपाळपूरच्या कॉलेजात शिकला, चाकणला ४ वर्षं ऑइलात हात काळे केले. मग साक्षात्कार झाला, की मशीन चालवणाऱ्यापेक्षा मशीन घ्यायचं की नाही ते ठरवणाऱ्याच्या खोलीत गारवा जास्त. फायनान्सकडे वळला, सीएफए परीक्षेची पहिली लेव्हल दिली. अशा ३ असतात. दिंडीचे मुक्काम मोजावेत तशा आता आमच्या आत्याही त्या मोजतात. नेमकं काय करतोस विचारलं, तर म्हणतो, "फोरकास्ट."

"पावसाचा?" आत्या विचारतात.

वडिलांचं प्रदक्षिणा मार्गावर चुरमुरे-बत्तासे, कुंकू-बुक्क्याचं दुकान. तिथं टेकला, की सुरू: "अण्णा, तुमचं वर्किंग कॅपिटल बुक्क्यात अडकलंय."

"आषाढीला सुटतंय की."

"उरलं तर?"

"कार्तिकीला."

"तरी उरलं?"

"माघी हाय, चैत्री हाय."

चार वाऱ्या, चार तिमाह्या! त्यानं ते लॅपटॉपवर उतरवून घेतलं.

संतांनाही त्यानं सोडलेलं नाही. देवगिरीला एका पैच्या चुकीसाठी रात्र जागवणारे नाथ त्याचे खास लाडके. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, तीही फक्त आपल्या वाट्याची. भावाची भावाच्या हाती दिली. याला तो 'क्लीन राइट-ऑफ' म्हणतो. घोडं अडतं मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांपाशी. दुष्काळात बादशहाची कोठारं विनापरवाना उघडली, आणि पैसे भरून गेला कोण, तर भलताच माणूस.

"केवायसी कुठंय?"

"पावती हाय," अण्णा म्हणाले.

मी एकदा विचारलं, अरे, गोरोबांनी चाक सोडलं नाही, सावतोबांनी मळा सोडला नाही, तूच कसा पाना टाकलास? मुलाखतीतलं पाठ उत्तर आलं: "स्किल्स ट्रान्सफरेबल असतात, काका."

दशमीला पहाटे दुकानाचं शटर अर्ध्यात अडकलं. बाहेर वारकऱ्यांची ही गर्दी, आत माल. मिस्त्री फोन उचलेना. यानं निळी पट्टी पाठीवर टाकली, पाना मागितला आणि गुडघ्यावर बसला. दहा मिनिटांत शटर वर! कोपरापर्यंत ग्रीस, आणि चेहऱ्यावर असं हसू की पुण्याहून आल्यापासून पाहिलं नव्हतं.

"याचा फोरकास्ट नव्हता व्हय रं?" अण्णांनी विचारलं.

त्यानं हात पुसले, लॅपटॉप उघडला आणि नवं शटर घ्यायचं की नाही, याचा हिशेब मांडायला बसला.