बिनखाटेचे साहेब

होस्टेलवर पहिल्या दिवशी बॅग आणि गादीची वळकटी घेऊन मी खोलीत शिरलो, तेव्हा माझ्या कॉटवर एक गृहस्थ लुंगी-बनियनवर बसून पेपर वाचत होते. वाचत होते म्हणजे अग्रलेखाखाली पट्टी लावून पेन्सिलीनं रेघा मारत होते. मी त्यांना रेक्टर समजलो आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी तो घेतला.

"कुठला?"

"बार्शीचा."

"बार्शी तिथं सरशी," ते म्हणाले आणि पायाशी जरा सरकले. "भिंतीकडची बाजू तुझी. मी घोरत नाही."

फी मी पूर्ण भरली होती. कॉट निम्मी मिळाली होती. ही २०१५ सालची गोष्ट. होस्टेल पुण्यातलं, पण नाव सांगणार नाही, कारण तिथं अजून आमची माणसं राहतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची नावं रजिस्टरात नाहीत.

अशा रहिवाशाला पुण्याच्या होस्टेलांत 'पॅरासाइट' म्हणतात. शब्द जीवशास्त्राच्या पुस्तकातला असला तरी तो लावताना कुणी नाक मुरडत नाही. घरातल्या जावयाला जावई म्हणावं इतक्या सहज म्हणतात. आमच्या पॅरासाइटला मात्र सगळे 'साहेब' म्हणत. एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्याला साहेब म्हणायची रीतच आहे. पुढं उपजिल्हाधिकारी झाला तर आपली सवय मोडायला नको, आणि नाही झाला तर निदान हाक तरी ऐकलेली असावी.

साहेब मुळात रीतसर होस्टेलात आले होते. राज्यशास्त्रात एम.ए. केलं, मग मराठीत केलं, मग पत्रकारितेचा डिप्लोमा. ज्ञानाची भूक होतीच, पण खरी भूक कॉटची. चौथ्या खेपेला ऑफिसनं अर्ज परत केला. साहेबांनी त्याच संध्याकाळी खोली रिकामी केली, सही करून किल्ली दिली, ना-हरकत दाखला घेतला आणि रात्री जेवून समोरच्या खोलीत झोपले.

पूर्वी पुण्यात गरीब मुलं वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असं आठवड्याचं गणित. साहेबांनी झोपायचे वार लावले होते. सोमवार-मंगळवार आमच्याकडं, बुधवारी वरच्या मजल्यावर लातूरकरांच्यात, गुरुवारी कोपऱ्यातल्या खोलीत, कारण तिथला एक जण दर गुरुवारी मामाकडं जाई. शनिवार-रविवार मुलं गावी गेली की साहेबांना अख्खा मजला मोकळा. तेव्हा मात्र त्यांना झोप येत नसे. शेजारी कुणाचं कोपर लागल्याशिवाय डोळा लागत नाही, म्हणायचे.

तुम्हाला वाटेल, हा माणूस दबकून राहत असेल. छे! वॉचमन आमची ओळखपत्रं बघायचा आणि साहेबांना सलाम ठोकायचा. फ्यूजची तार बदलणं हे साहेबांचं काम. बादलीत कॉइल टाकून पाणी तापवणं नियमात बसत नव्हतं, त्यामुळं फ्यूज रोज सकाळी सहा ते आठच्या दरम्यान उडायचा आणि साहेब लुंगी खोचून बोर्डाकडं निघायचे. त्यांच्या काळात तीन रेक्टर बदलले. तिसरे नवीन आले तेव्हा पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुठं आहे ते ऑफिसात कुणालाच सांगता येईना. शिपायानं साहेबांना बोलावलं. साहेबांनी व्हॉल्व्ह दाखवला, गच्चीची चावी कुणाकडं असते ते सांगितलं, आणि वर, "सर, इथं अनधिकृत मुलांचं प्रमाण फार वाढलंय, लक्ष असू द्या," असा इशाराही दिला.

साहेबांचा पहिला धडा चपलांचा. रात्री अकराला रेक्टरांची फेरी असे. नवख्याला वाटतं, ते दार वाजवतील, आत डोकावतील. साहेबांनी सांगितलं, दारं कुणी वाजवत नाही, चपला मोजतात. दोन कॉटच्या खोलीबाहेर चार जोड दिसले की सकाळी ऑफिसात हजर. म्हणून आमच्या मजल्याचा पहिला कायदा: पावणेअकराला चप्पल आत घे. साडेदहानंतर कुणीही खोलीत शिरला की सगळे एका सुरात तेवढंच म्हणायचे. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा पुढं नोकरीला लागून सासरी पहिल्यांदा गेला, तेव्हा त्यानं रात्री सगळ्या घराच्या चपला उचलून आत ठेवल्या. सासूबाईंना जावई फार वळणाचा वाटला.

दुसरा कायदा डब्याचा. घरचा डबा ज्याच्या गावाहून आला त्याचा फक्त झाकण उघडण्याचा हक्क. शेंगदाण्याच्या चटणीची पुडी पंधरा दिवस लपवून खाणारा एक जण होता. साहेब त्याला काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त तो आजारी पडायची वाट पाहिली. ताप आला तेव्हा रात्रभर कपाळावर घड्या ठेवल्या, सकाळी मेसवाल्याकडून पेज करून आणली आणि पेजेशी तोंडी लावायला त्याचीच चटणी काढून दिली. पुढचा डबा त्यानं मधोमध मांडला.

पण साहेबांचा खरा कारभार दिसायचा तो कुणाचे वडील यायचे त्या दिवशी. फोन आला की पहिल्यांदा भिंतीवरची नटी उतरायची आणि तिच्या जागी वरच्या मजल्यावरून आणलेला महाराष्ट्राचा नकाशा चढायचा. चांगली चादर एका खोलीतून, टेबलक्लॉथ दुसऱ्या खोलीतून, जाड पुस्तकं तिसऱ्या खोलीतून. माझे वडील आले तेव्हा माझ्या टेबलावर कुणाचं तरी सेंद्रिय रसायनशास्त्र होतं. मी इतिहासाचा. वडिलांनी ते उघडलं, दोन पानं पाहिली आणि म्हणाले, "इतिहास लई अवघड झालाय आता." साहेब त्यांना मेसवर घेऊन गेले, स्वतः वाढलं, माझं कौतुक केलं. जाताना वडिलांनी साहेबांचा हात धरला. "तुम्ही आहात म्हणून काळजी नाही. सरकारनं असे रेक्टर सगळीकडं नेमावेत." साहेबांनी नुसती मान लववली. मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

मेसवाल्याशी मात्र साहेबांचं वैर होतं. 'एका ताटात दोघांनी जेवू नये' अशी पाटी त्यानं खास साहेबांसाठी रंगवून घेतली होती. एकदा जादा पोळीवरून जुंपली. साहेबांनी अभ्यासातला दारूगोळा काढला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी स्वतःचे दागिने मोडले, आणि तुम्ही दोन पोळ्यांचा हिशोब ठेवता? मेसवाला शांतपणे तवा उतरवत म्हणाला, "साहेब, माझ्याही बायकोचे दागिने बँकेत गहाण आहेत. तुमच्यामुळंच." त्या दिवसापासून साहेबांनी एका पोळीवर समाधान मानलं, आणि कुणाचे खाडे पडले की त्याच्या वाटणीचं आपण जेवतो हे मेसवाल्याला उघड सांगू लागले.

चपलांच्या बाबतीत एवढे दक्ष असूनही साहेब एकदा सापडले. रेक्टर रात्री दीडला आले. ही फेरी कायद्यात नव्हती. दोन कॉटवर पाच जण, मधे साहेब. ऑफिसात उभं केल्यावर साहेबांनी खाली मान घालून माफी मागण्याऐवजी १९०१ पासून सुरुवात केली. त्या साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पुढं एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. कर्मवीर तिथल्या जैन बोर्डिंगात शिकायला होते. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परत आल्यावर शुद्धीची अंघोळ करायला नकार दिला, आणि बोर्डिंगातून त्यांना बाहेर काढलं. "त्याच माणसानं १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, सर. होस्टेलमधून काढलेल्या मुलाकडं जरा जपून बघावं."

रेक्टर इतिहासाचेच प्राध्यापक होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "कर्मवीरांना अंघोळ केली नाही म्हणून काढलं," ते म्हणाले. "तुम्ही आमचं गरम पाणी संपवता म्हणून मी काढतोय." पाचशे रुपये दंड झाला. मजल्यानं वर्गणी काढून तो भरला. पावती कुणाच्या नावानं करायची हा पेच पडला, कारण साहेब कागदावर नव्हतेच. शेवटी माझ्या नावानं केली. ती माझ्याकडं अजून आहे.

पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, सरकारनं स्पर्धा परीक्षेची खुल्या गटाची वयोमर्यादा ३३ वरून ३८ केली. साहेबांना बत्तिसावं लागलं होतं. गावाकडून स्थळांचा रेटा सुरू झाला होता, गादी वळून ठेवली होती, रद्दीवाल्याशी पुस्तकांच्या भावाची बोलणीही झाली होती. बातमी आली आणि मजल्यावर पेढे वाटले गेले. साहेब खूश होते का, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी रद्दीवाल्याला परत पाठवलं आणि गादी उलगडली. तेवढंच बघितलं मी.

साहेबांचा कोटही सांगायला हवा. एका वर्षी पूर्व झाली, मुख्यही बरी गेली, आणि आता मुलाखत येणार म्हणून त्यांनी निळा कोट शिवून घेतला. चार मार्कांनी यादी हुकली. कोट खुंटीला राहिला. मग कुणाला बँकेची मुलाखत आली, कुणाला कॅम्पसची, कुणाचा बघायचा कार्यक्रम. जाड्या मुलानं बटणं उघडी ठेवून घातला, बारक्यानं आत स्वेटर घालून. आमच्या मजल्यावरचे अकरा जण त्या कोटात नोकरीला लागले आणि दोघांची लग्नं जमली. परत आणताना खिशात काहीतरी ठेवून द्यायचं अशी पद्धत पडली: पेढा, दहाची नोट, एकदा कुणीतरी पत्रिका. साहेब खिसे तपासायचे, पेढा खायचे, कोट झटकून पुन्हा खुंटीला लावायचे.

परवा त्या अकरांतला एक पुण्यात आला. हल्ली तो नायब तहसीलदार आहे, मराठवाड्यात. सरकारी विश्रामगृहात खोली होती. तरी रात्री दहाला जीप बाहेरच्या रस्त्यावर उभी करून वॉचमनची नजर चुकवत होस्टेलात शिरला. मीही होतो. साहेब समोरच्याच खोलीत, आता नव्या मुलांच्यात. केस कानाशी पांढरे झालेत, पट्टी आणि पेन्सिल तीच. मुलांनी आमच्यासाठी गाद्या जोडल्या. तहसीलदार मधल्या फटीत आडवा झाला, सरकारी बूट दाराबाहेर तसेच ठेवून.

पावणेअकरा वाजले. साहेब पुस्तकातून डोकं न उचलता म्हणाले, "साहेब, बूट आत घ्या."