मळभातली रंगपंचमी

जर्मनीतला नोव्हेंबर म्हणजे आभाळ राखाडी, रस्ता राखाडी आणि त्यावरून लगबगीने जाणारी जॅकेटंही बहुधा राखाडीच. अशा दिवशी कॅमेऱ्यात कोणती रंगीत स्लाइड फिल्म भरावी? जाणकार सांगतात, उजेड कमी, तेव्हा ४०० आयएसओची वेगवान फिल्म घ्या. माझं मत नेमकं उलटं आहे. सगळ्यांत मंद आणि सगळ्यांत भडक तीच भरावी, म्हणजे १९९० साली आलेली फुजीची वेल्व्हिया, आयएसओ ५०. स्लाइड फिल्म विहीणबाईंसारखी असते. मानपानात अर्ध्या स्टॉपचं कमी-जास्त झालं की रुसते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). उजळ-काळोखातला जेमतेम पाचेक स्टॉपचा फरक तिला झेपतो. लख्ख उन्हात तो ओलांडला जातो आणि पांढरा शर्ट उडतो किंवा झाडाखालची आजी अंधारात हरवते. मळभात सावल्याच नसतात, सगळं त्या पाच स्टॉपांत आरामात बसतं. मग जो भडकपणा उन्हात अंगावर येतो, तोच इथे ओल्या पानांना आणि पिवळ्या ट्रामला हवा तेवढा रंग देतो. ढगाळ उजेडाची ही किंमत बेर्न्ड आणि हिला बेखर या छायाचित्रकार जोडप्याला पक्की ठाऊक होती. ऱ्हुर या औद्योगिक पट्ट्यातल्या पाण्याच्या टाक्या आणि झोतभट्ट्या टिपायला ते मुद्दाम ढगाळ दिवस निवडत. त्यांची फिल्म कृष्णधवल होती हे खरं, पण सावली दोन्हीकडे तितकीच आगाऊ.

आक्षेप येणारच. आयएसओ ५० म्हणजे ट्रायपॉड आलाच, असं म्हणतात. पण जुन्या आडाख्याने दाट मळभातही एफ ५.६ला १/६० सेकंद मिळतो, आणि तेवढा वेळ हात स्थिर राहतो. चहा जरा बेताने प्यावा. शिवाय १९३६ साली वोल्फेनच्या कारखान्यातून आग्फाकलर नॉय ही रंगीत स्लाइड फिल्म निघाली, तिचा वेग आजच्या मापाने दहा आयएसओच्याही खाली होता. तरी लोकांनी फोटो काढलेच. चित्र निळसर येतं हा आक्षेप मात्र रास्त आहे: फिल्म ५५०० केल्व्हिनची, ढगाळ उजेड त्याहून थंड. त्याला ८१ए हा उबदार छटेचा फिल्टर लावावा आणि अ‍ॅपर्चर किंचित उघडावं. पांढरंफटक आभाळ चौकटीत घेऊच नये. त्यात बघण्यासारखं काही नसतं. चेहऱ्यांबाबत मात्र मी माघार घेतो. वेल्व्हियावर गोरे जर्मन लालबुंद दिसतात, अगदी बिअर न पिताही. माणसांसाठी फुजीचीच सौम्य प्रोव्हिया १००एफ बरी. बाकी झाडं, गल्ल्या, गिरण्या, नदीकाठ यांच्यासाठी वेल्व्हियाच भरा, आणि चुकून ऊन पडलंच तर कॅमेरा पिशवीत ठेवून स्वेटर वाळत घाला.